हिमोग्लोबिन ९ च्या वर जातच नाहीये, बीट खजूर डाळिंब सगळं चालू आहे

जिरेमिरे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

वय ३९, नाशिक, दोन मुलं, नोकरी बसून करायची. दिवाळीच्या आसपास जिना चढताना धाप लागायला लागली, आधी वाटलं वजन वाढलंय म्हणून असेल, मग केस मूठमूठ गळायला लागले आणि दुपारी ऑफिसात अक्षरशः डोळे मिटायला लागले. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.७. फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तीन महिने घ्या म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. त्या गोळ्या घेतल्या की पोट गच्च, मळमळ, आणि संडासला एकदम काळं. कोण घेणार असल्या गोळ्या? बंद केल्या आणि ठरवलं की आहारातूनच वाढवायचं.

तेव्हापासून रोज सकाळी बीट गाजराचा ज्यूस, रात्री भिजवलेले चार खजूर, एक डाळिंब, संध्याकाळी गूळ शेंगदाणे, पालक तर एवढा झालाय की मुलं डबा उघडायच्या आधीच नाक मुरडतात. परवा परत तपासलं. ८.९!! एवढं करून ०.२?

बाकी दिवसाचं सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. उठल्याउठल्या चहा, नऊला पोहे नाहीतर उपमा आणि सोबत चहा, दुपारी डबा पोळीभाजीचा, तो संपेपर्यंत ऑफिसातला मामा चहा घेऊन येतोच, मग चारला आणि घरी आल्यावर सासूबाईंबरोबर. रात्री आमटीभात किंवा खिचडी. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. सोमवार आणि चतुर्थी असते. दूध लहानपणापासून जात नाही, ताक होतं अधूनमधून.

अजून एक, हसू नका. तांदूळ निवडायला बसले की दोन दाणे तोंडात टाकायची सवय होती, आता मूठमूठ कच्चे तांदूळ खाते, मुलगी म्हणते आई तू चिमणी झालीस. त्याने काही होतं का? जंत होतात म्हणे.

तर प्रश्न एवढाच की अजून काय खाऊ? आणि गोळ्यांशिवाय होईल का?

पंचपाळं

जिरेमिरे, बीटाचं आधी सांगते कारण माझ्या नणंदेलाही हेच वेड होतं. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलंय, त्यात १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. डाळिंबात तर त्याहूनही कमी. चार खजुरातही थोडंच. आणि आपल्याला लागतं किती, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम धरलंय, पुरुषाला १९. आता कर हिशोब. खा ग बीट, चांगलंच आहे, पण त्याच्यावर रक्त वाढायची भिस्त ठेवू नको.

गुळाचंही तसंच. १०० ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅम असतं खरं, पण १०० ग्रॅम गूळ खातंय कोण? शेंगदाण्याबरोबरचा खडा म्हणजे दहा ग्रॅम. त्यातनं अर्धा मिलिग्रॅम हातात पडला. बाकी ती साखरच.

अळिवाचे लाडू कुणी सुचवतीलच (आमच्याकडे बाळंतिणीला देतातच), तर तेही ऐक. जुन्या तक्त्यांत अळिवात १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं असायचं, अजून व्हॉट्सॲपवर तोच आकडा फिरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ ला नवीन तक्ते काढले त्यात ते १७ आहे. १७ पण भारीच आहे म्हणा, पालकाच्या पाच सहापट. चमचाभर अळीव भिजवून लिंबूपाण्यात घे, दुधातली खीर नको, का ते खाली कुणीतरी नीट सांगेल.

आणि हो, पोह्यांबरोबरचा चहा. तिथेच सगळं वाहून जातंय तुझं. पोहे म्हणजे आपल्या नाश्त्यातला लोहाच्या बाबतीत बरा पदार्थ, वर लिंबू पिळलेलं, आणि त्याच्यावर आपण घटाघट चहा ओततो.

चहाबाज_नागपूर

आता चहावर येऊ नका राव. आमची आजी दिवसाला आठ कप प्यायची, ब्याण्णवाव्या वर्षी गेली, तोवर विहिरीचं पाणी शेंदत होती.

लॅबवाली

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते, नंतर कुणी भांडायला नको.

जिरेमिरेताई, तुम्ही जे शेवटी गंमत म्हणून लिहिलंय ना, कच्चे तांदूळ, ते माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ, असलं काहीतरी खावंसं वाटत राहणं हे शरीरातलं लोह संपल्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. आमच्याकडे तपासणीसाठी रक्त द्यायला बायका येतात त्यांना सुई टोचता टोचता मी सहज विचारते, काकू खडू वगैरे खाता का, की आधी लाजतात आणि मग हळूच पर्समधनं भाजकी माती काढून दाखवतात. जंताचं म्हणाल तर तांदळाने जंत होत नाहीत, पण जंत असतील तर तेही रक्त पितात, विशेषतः आकडेकृमी, त्यामुळे डॉक्टरांना विचारून जंताची गोळी घेऊन टाका.

लोह भरून आलं की ही सवय आपोआप जाते, बऱ्याचदा हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच.

आता मुद्द्याचं. हिमोग्लोबिन कमी आहे हे कळलं, पण का कमी आहे हे तुम्ही शोधलंच नाहीये. लोह कमी, बी१२ कमी, थॅलेसेमिया मायनर (आईबापाकडून येणारा रक्तातला दोष), कुठून तरी रक्त जातंय, या सगळ्यात हिमोग्लोबिन कमीच येतं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. तुमच्याकडे सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीचा, कागद असेलच. त्यात एमसीव्ही (लाल पेशींचा आकार), आरबीसी (त्यांची संख्या) आणि आरडीडब्ल्यू (आकारातला फरक) एवढे तीन आकडे बघून इथे टाका. फेरिटिन केलंय का? नसेल तर ते करा, ते म्हणजे लोहाचं गोदाम. फक्त सर्दीतापात करू नका, अंगात सूज किंवा इन्फेक्शन असलं की फेरिटिन खोटंच जास्त येतं.

आणि खाजगी प्रश्न आहे पण विचारते, पाळीत रक्तस्राव किती आहे?

रानवारा

एवढ्या तपासण्या कशाला? लॅबवाल्यांचा धंदा. 🙂 गोळ्या गरम पडतात, केमिकल असतं, म्हणूनच ताईंना त्रास झाला. लोहभस्म घ्या महिनाभर, नैसर्गिक. माझ्या मावशीने घेतलं होतं, चेहऱ्यावर तेज आलं.

लॅबवाली

रानवारा, सीबीसी करून माझा पगार वाढत नाही हो. 🙏 लोहभस्मात लोहच असतं, मग गोळीतलं तेवढं केमिकल आणि भस्मातलं नाही हे कसं? घ्यायचं असेल तर वैद्याकडे जाऊन नाडी दाखवून घ्या, ऑनलाइन डबी मागवून नको. आणि मुख्य म्हणजे कारण न शोधता काहीही घेतलं तरी गळक्या टाकीत पाणी भरल्यासारखं होईल.

काळ्या संडासने घाबरू नका, न शोषलेलं लोह तसंच बाहेर पडतं, गोळी चालू असताना ते बहुतेकांना होतं. गोळी न घेता काळं, डांबरासारखं चिकट झालं तर मात्र लगेच दाखवायचं.

नगरी_भाकरी

आमी नगरकडचे, बाजरीवर वाढलेले. लोहाचा विषय निघाला म्हणून लिवतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मिळून धनशक्ती म्हणून बाजरी काढली, २०१२ ला आली महाराष्ट्रात. तिच्यात लोह साध्या बाजरीपेक्षा जास्त, किलोला ७१ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. संकरित नाही त्यामुळे घरचं बी ठेवता येतं, दरवर्षी पिशवी आणायची भानगड नाही. आपल्याकडच्याच शाळेतल्या पोरापोरींना सहा महिने तिची भाकरी देऊन अभ्यास पण झालाय, २०१५ ला छापून आला, ज्यांना लोहाची कमतरता होती त्यांची साध्या बाजरीच्या भाकरीवाल्यांपेक्षा लवकर भरून निघाली. आमी दोन वर्षांपासून खायला तीच पेरतो.

शहरात धनशक्ती म्हणून मागितली तर दुकानदार तोंडाकडं बघंल, मिळाली तर बरंय, नाय मिळाली तर साधी बाजरी घ्या. तिच्यात पण १०० ग्रॅमला सहाच्या वर लोह असतंय, गव्हाच्या पुढंच आहे. दोन भाकरीला दीडशे ग्रॅम पीठ धरा. फक्त पीठ पंधरा दिवसांचं एकदम दळून आणू नका, बाजरीचं पीठ कडू पडतं, चार पाच दिवसांचं दळा. सोबत मेथीची नाहीतर माठाची भाजी, कच्चा कांदा, आणि पानात लिंबाची फोड पाहिजेच. आमच्याकडं मिरचीच्या खरड्यावर लिंबू पिळून घेत्यात, ते उगाच नाही.

पंचपाळं

वा दादा, तोंडाला पाणी सुटलं.

लिंबाचं बरोबर. झाडापासून मिळणारं लोह मुळातच फार कमी मुरतं अंगात, शंभर खाल्लं तर पाच ते दहा, बाकीचं जसं आलं तसं जातं. धान्याकडधान्याच्या सालीत फायटेट असतं ते लोहाला धरून ठेवतं. क जीवनसत्त्व सोबत असलं की ते सुटतं. म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर, पानात, शिजवताना नाही, उष्णतेने क जीवनसत्त्व उडतं. पेरू तर लिंबाला मागे टाकेल, जेवणानंतर अर्धा पेरू खा, मीठतिखट लावून. आवळ्याची चटणी, कोशिंबिरीत कच्ची कोबी, ढोबळी मिरची, सगळं चालतं.

मोड आणले की फायटेट कमी होतं, आंबवलं की अजून कमी. मटकीची उसळ मोड चांगले बोटभर आले की कर, भिजवून लगेच कुकरला लावू नको. नाचणीची आंबील रात्रभर आंबवलेली. या सगळ्या गोष्टी आपल्याकडे होत्याच, आता वेळ नाही म्हणून इन्स्टंट पाकीट फोडतो.

आणि सोमवार चतुर्थीला काय खातेस? साबुदाणा असणार. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च ग, लोह नाही, प्रथिनं नाहीत, काही नाही, खिचडीत जे काय आहे ते शेंगदाण्याच्या कुटात. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालिपीठ कर, उपवासाला चालतं आणि खरोखर पोषक आहे. सासूबाई ऐकतील ना?

तिसऱ्यामसाला

मी मालवणची, सध्या डोंबिवलीत. शाकाहारी लोकांच्या धाग्यात घुसतेय, सॉरी हां. पण वाचणाऱ्यांत मासे खाणारे पण असतील म्हणून. मांसमाशातलं लोह शरीर पटकन घेतं, त्याला चहाबिहाचा फारसा फरक पडत नाही. कलेजी, तिसऱ्या (शिंपल्या), हे तर लोहाचे कोठारच. सुकट, जवळा पण चांगला, आणि जवळा स्वस्त पडतो, कांद्यावर परतून आमसुलं टाकली की दोन भाकऱ्या जातात. आणि मासमटणाचा तुकडा पानात असला की त्याच जेवणातलं भाजीभाकरीतलं लोहसुद्धा जास्त मुरतं. पण गरोदर बाईने कलेजी जास्त खाऊ नये, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

आमच्या घरात मजा अशी की बाबांना आणि भावाला कलेजी, आई रस्सा भातावर घेऊन उठायची. सगळ्यांचं झाल्यावर टोपात जे उरेल ते. हिमोग्लोबिन कुणाचं कमी निघालं? आईचंच.

जिरेमिरे

बापरे एवढे रिप्लाय! सगळ्यांना थँक्यू.

लॅबवाली, कागद सापडला. एमसीव्ही ६८, आरबीसी ४.१, आरडीडब्ल्यू १८.६. फेरिटिन नाही केलं. कुणी सांगितलंच नाही.

पाळीचं, हो, जास्त आहे. धाकटीच्या नंतर वाढलंच. पहिले तीन दिवस दोन दोन तासाला पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात, रात्री दोन पॅड लावून झोपते, सात आठ दिवस चालतं. पण आईचं पण असंच होतं, बहिणीचं पण, मला वाटलं आमच्या घराण्यातच आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही, पुरुष डॉक्टर आहेत.

पंचपाळं, राजगिरा सासूबाईंना चालेल, उलट त्यांनाच साबुदाण्याने ॲसिडिटी होते, त्या रोज सकाळी त्याची गोळी घेतात वर्षानुवर्षं. लोखंडी कढईचं काय? आमच्याकडे माळ्यावर आहे एक आजेसासूबाईंची, गंजलेली.

लॅबवाली

ताई, हे घराण्यातलं म्हणून सोडून देऊ नका. दोन तासाला पॅड, गाठी, आठ दिवस, हे जास्तच आहे. रोज टाकी भरताय आणि महिन्याला नळ उघडा पडतोय, बीटाने कसं होणार? स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, बाई डॉक्टर शोधा म्हणजे बोलायला बरं, सोनोग्राफी करतील, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) असू शकतात, थायरॉइडही बघतील. बहुतेकदा त्यावर औषधं असतात, प्रत्येक वेळी पिशवी काढायला लागत नाही, कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढा म्हणालं तर दुसरीकडे दाखवा.

आई आणि बहिणीचंही असंच असेल तर रक्त गोठण्याचा काही दोष घरात आहे का हेही एकदा विचारा डॉक्टरांना, दात काढल्यावर कुणाचं रक्त थांबत नव्हतं वगैरे काही असेल तर आवर्जून सांगा.

तुमचे आकडे. एमसीव्ही ८० च्या खाली म्हणजे रक्तपेशी लहान, आरडीडब्ल्यू वाढलेला म्हणजे लहानमोठ्या मिसळलेल्या. एमसीव्हीला आरबीसीने भागा, ६८ भागिले ४.१, साडेसोळाच्या पुढे आलं. १३ च्या खाली आलं असतं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय, वर असलं तर लोहाची कमतरता जास्त संभवते. हा अंदाज असतो, निदान नाही. फेरिटिन १५ च्या खाली आलं तर नक्की. गोळ्या नीट तीन महिने घेऊनही काहीच हललं नाही तर एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार मोजायची तपासणी) करून थॅलेसेमिया बघतात, सिंधी, कच्छी, लोहाणा लोकांत जास्त आहे पण बाकी समाजातही सापडतो आणि मुलांच्या लग्नाच्या वेळी ते माहीत असलेलं बरं.

आणि गोळ्यांशिवाय होईल का याचं उत्तर सरळ सांगते, ८.९ वर नाही होणार. आहार हा पुढे पातळी टिकवायला. भरपाईला औषध लागतं, कारण गोळीत एका वेळी ६० ते १०० मिलिग्रॅम असतं, तेवढं बाजरीतून आणायचं तर दिवसाला किलोदीडकिलो भाकरी.

पोट बिघडतं त्यावर मार्ग आहेत. वेगळ्या क्षाराची गोळी मिळते, सगळ्या सारख्या त्रास देत नाहीत. आणि दिवसाआड घेऊन बघता येतं. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोह कमी असलेल्या बायकांवर अभ्यास झाला त्यात रोज घेण्यापेक्षा दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त मुरलं, कारण एक डोस गेला की शरीर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि दुसऱ्या दिवशी आतड्याचं दार अर्धं लावून घेतं. डॉक्टरांना विचारा, आता बरेच जण तसंच देतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर, रिकाम्या पोटी जमलं तर उत्तम, नाही जमलं तर थोडं खाऊन. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं औषध यांच्या आगेमागे दोन तास नको. म्हणूनच पंचपाळं म्हणाल्या अळिवाची दुधातली खीर नको, कॅल्शियम लोहाला आडवं येतं.

नीट घेतल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅम वर जायला हवं. १२ च्या वर गेल्यावर लगेच बंद करू नका, गोदाम भरायला अजून तीन महिने लागतात. सगळे इथेच चुकतात, १२ आलं की डबी कपाटात.

पेठेतली_सून

सासूबाईंची ॲसिडिटीची गोळी वाचून थांबले. वर्षानुवर्षं रोज घेत असतील तर त्यांचंही लोह आणि बी१२ दोन्ही तपासा. पोटातलं आम्ल कमी झालं की दोन्ही नीट घेतलं जात नाही. डायबेटिसची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी१२ खाली जातं, माझे सासरे त्यातले.

आणि जिरेमिरे तू स्वतः बी१२ करच. दूध नाही, अंडं नाही, ताक अधूनमधून, मग येणार कुठून? बी१२ फक्त प्राण्यांकडून येतं, पालेभाजीत नाही, मोडात नाही, हळदीत नाही. आमच्या पुण्याचंच उदाहरण, केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला, त्यात साधारण दोनतृतीयांश आयांमध्ये बी१२ कमी सापडलं. आणि त्या काही श्रीमंत घरच्या डाएटवाल्या नव्हत्या, शेतात राबणाऱ्या बायका.

यात एक गोम आहे. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असलं की एमसीव्ही चक्क नॉर्मल दिसू शकतो आणि सगळे निवांत. मला हातापायाला मुंग्या यायच्या, दोन डॉक्टर स्पॉन्डिलायटिस म्हणून गळ्याला पट्टा देऊन मोकळे झाले. शेवटी इंजेक्शनं घेतली तेव्हा कुठे. आता घरचं दही रोज वाटीभर आणि गोळी चालू आहे. दही जेवणात न घेता मधल्या वेळी घे, म्हणजे कॅल्शियमचीही कटकट नाही.

पंचपाळं

कढई काढ माळ्यावरनं! गंज असेल तर चिंच आणि जाड मीठ लावून घास, धुवून लगेच चुलीवर कोरडी कर, तेलाचा हात लाव, दोन चार वेळा कांदा परतून टाकून दे, झाली तयार. त्यात पालेभाजी परत, टोमॅटो घालून पिठलं कर, चिंचगुळाची आमटी कर. आंबट असलं की लोह जास्त उतरतं. भाजी काळपट दिसते, मुलांना आधीच सांगून ठेव. फक्त केलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, कढईत ठेवलं तर कळकतं. बिडाचा तवा असेल तर घावन त्याच्यावर. किती लोह येतं ते भांड्यावर, पदार्थावर, किती वेळ शिजवलं त्यावर असतं, त्यामुळे आकडा विचारू नको, पण नॉनस्टिकमधून शून्य येतं हे नक्की.

चहाबाज_नागपूर

मी आपलं गंमत करत होतो पण आता बायकोने माझ्याकडूनच मोबाईल घेऊन पूर्ण धागा वाचला आणि माझ्याकडे बघतेय. तिचं १०.२ आहे, सहा महिने झाले तपासून, कुणी लक्षच दिलं नाही (म्हणजे मीच).

चहा सोडायचाच का? काळा चालेल? ग्रीन टी? कॉफी?

लॅबवाली

सोडायचा नाही हो, सरकवायचा. आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात सुद्धा तेच आहे, जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा कॉफी नको. चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं, त्यामुळे काळा प्या, ग्रीन प्या, दुधाचा प्या, जेवणाबरोबर असेल तर आडवाच येणार. कॉफी चहापेक्षा थोडी बरी पण तीही त्याच रांगेत. उठल्याउठल्या एक प्या, नाश्ता तासाभराने. दुपारचा साडेतीनला. तुमच्या आजी आठ कप पीत असतील पण त्या बहुतेक जेवणाला चिकटून पीत नसतील, आणि पाळी गेल्यावर बाईची लोहाची गरज बरीच उतरते हेही आहे.

वहिनींचंही सीबीसी आणि फेरिटिन करून घ्या. १०.२ कडे कुणी बघत नाही कारण आजूबाजूला सगळ्यांचंच १० असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या, त्याआधीच्या पाहणीत ४८ होत्या. म्हणजे वाढलंय.

जिरेमिरे

शनिवारी बाई डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळालीये. फेरिटिन आणि बी१२ उद्या सकाळी देते, सासूबाईंनाही घेऊन जातेय, त्या म्हणाल्या माझं कशाला, मग नुसतं बी१२ चं वाचून दाखवलं तर तयार झाल्या.

ऑफिसातल्या मामांना सांगितलं की माझा चहा साडेतीनला आणा, ते म्हणाले मॅडम एकटीसाठी परत कोण करणार. आता थर्मास नेणार आहे.

एक राहिलं, मुलगी १३ ची आहे, तिचीही पाळी सुरू झालीये. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात ती मैत्रिणींबरोबर बेसिनमध्ये टाकून देते असं काल कळलं. ती घ्यायची ना? का तिचंही आधी तपासू?

लॅबवाली

ती घ्यायचीच. आठवड्याची गोळी ॲनिमिया होऊ नये म्हणून असते, तिला तपासणीची वाट बघायची गरज नाही. जेवून घेतली की मळमळ होत नाही, शाळेत रिकाम्या पोटी देत असतील तर बाईंना सांगा की मधल्या सुट्टीनंतर द्या. थॅलेसेमिया वगैरे काही माहीत असेल तरच आधी डॉक्टरांना विचारायचं. पाळी तिचीही तुमच्यासारखीच असेल तर मात्र सीबीसी करून टाका, आणि शनिवारी डॉक्टरांना तिचंही सांगा. फेरिटिनचा आकडा आला की इथे टाका.